जप करताना देवाबद्दलच घाणेरडे विचार येतात, मी पापी आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा २३ वर्षांचा, मूळ लातूरकडचा, पुण्यात पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. घरात दत्ताची उपासना, हाही लहानपणापासून रोज एक माळ करतो. गेलं वर्षभर माळ हातात घेतली की मनात देवाबद्दल शिव्या येतात, अश्लील चित्रं येतात, मग तो मणी बाद, माळ परत पहिल्यापासून. दहा मिनिटांची माळ आता दोन-दोन तास चालते, कधी मध्येच उठून परत आंघोळ. नाही केलं तर आईला काहीतरी होईल अशी धास्ती बसते. अभ्यासिकेत पुस्तक उघडं आणि हा मनातल्या मनात माफी मागतोय. घरी अर्धवट सांगितलं तर वडील म्हणाले गाणगापूरला जाऊन येऊ, काहीतरी बाहेरचं दिसतंय. रूममेट म्हणतो देवबिव सोड, सगळं थांबेल. आणि त्याचे तीन प्रश्न: मी पापी आहे का, मला वेड लागतंय का, आणि गोळ्या घेतल्या तर माझा देवावर विश्वास नाही असं होतं का.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं प्रॅक्टिस करते, वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरेच करते.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. पापी नाहीस आणि वेडही लागत नाहीये. समोर बसवून तपासल्याशिवाय निदान करू नये हे मला कळतं, पण तू लिहिलेलं कुठल्याही सायकियाट्रिस्टला वाचायला दिलंस तर पहिलं नाव तो ओसीडीचंच घेईल, म्हणजे नको ते विचार परत परत येणं आणि ते घालवायला तीच कृती परत परत करणं, ज्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. लोकांना ओसीडी म्हणजे सारखे हात धुणारी बाई एवढंच माहीत असतं. पण येल-ब्राउन नावाची एक प्रश्नावली आहे, १९८९ साली प्रसिद्ध झालेली, आम्ही आजही वापरतो, तिच्या लक्षणांच्या यादीत देवाची निंदा-विटंबना होण्याची भीती हे चक्क छापलेलं आहे. म्हणजे जे तुला वाटतंय की जगात फक्त माझ्याच डोक्यात एवढी घाण आहे, ते इतकं कॉमन आहे की फॉर्मवर त्याच्यासाठी जागा करून ठेवलीय. पेशंटला तो कागद दाखवला की चेहरा बघण्यासारखा होतो.

आता विचारांचं बघ. रॅकमन आणि डिसिल्वा ह्या दोघांनी १९७८ मध्ये एक साधी गोष्ट केली, ज्यांना काहीही आजार नाही अशा लोकांना विचारलं की तुमच्या मनात नको ते, किळसवाणे, हिंसक, अश्लील विचार अचानक येतात का, तर बहुतेकांनी हो म्हटलं. पुढे २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मागच्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार आला म्हणणारे ९४ टक्क्यांच्या आसपास निघाले. विचार सगळ्यांना येतात रे. मंदिरात उभ्या असलेल्या तुझ्या शेजारच्या काकांनाही येत असेल, फक्त ते 'छे, काहीतरीच' म्हणून पुढे प्रसादाच्या रांगेत लागतात आणि विसरतात. तू मात्र तो विचार उचलून धरतोस, हा माझ्या मनात आलाच कसा, म्हणजे मी आतून असाच आहे का, देवाने ऐकलं असेल का, आता शिक्षा होईल का.

आणि देवाबद्दलच का? कारण तुला देव महत्त्वाचा आहे. ओसीडी माणसाच्या बरोबर जिव्हाळ्याच्या जागी येऊन बसतो. नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीला बाळाला आपल्या हातून काही होईल असे विचार येतात, ज्याला देवाशी घेणंदेणं नाही त्याला देवाच्या शिव्यांनी दोन मिनिटंही त्रास होणार नाही. म्हणून मनात शिवी आली म्हणजे श्रद्धा कमी हे गणित उलटं आहे.

विचार दाबायला जाऊ नकोस हे तुला कोणीतरी सांगितलंच असेल, पण त्यामागे प्रयोग आहे. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नरने विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आता तू रोज सकाळी दोन तास डोळे मिटून 'घाण विचार नको, घाण विचार नको' करत बसतोस, मग दुसरं काय येणार?

खरा आजार विचारात नाहीये, विचारानंतर तू जे करतोस त्यात आहे. विचार आला, छातीत धस्स झालं, तू माळ पहिल्यापासून घेतलीस, जरा बरं वाटलं. हे 'जरा बरं वाटलं' फार महागात पडतं. मेंदू शिकला की खरंच मोठं संकट होतं आणि माळ परत घेतली म्हणून टळलं. उद्या तो आणखी लवकर घंटा वाजवणार. परवा आंघोळही मागणार. आईला आजवर काही झालं नाही ते तुझ्या माळेमुळे असं तुला वाटतं ना, ते ह्याच्यामुळे. माळ न करता तू कधी बघितलंच नाहीस, तर कळणार कुठून.

आता श्रद्धेकडे येते, कारण तुझा रूममेट आणि तुझे वडील, दोघंही ह्या एका जागी चुकतायत.

रूममेटचं म्हणणं देव सोड. असे पेशंट मी पाहिलेत ज्यांनी रागाने देव्हारा बंद केला, महिना-दीड महिना बरा गेला आणि मग तीच भीती गॅसच्या नॉबवर गेली, दाराच्या कडीवर गेली, आपल्यामुळे कोणाला आजार लागेल का ह्यावर गेली. विषय बदलतो, धंदा तोच. शिवाय परगावी एकट्या राहणाऱ्या, वर्षानुवर्षं रिझल्टची वाट बघणाऱ्या मुलाकडे आधाराच्या मुळात किती गोष्टी असतात, त्यातली एक काढून घ्यायची आणि बदल्यात द्यायचं काय? मी स्वतः फारशी देवधर्म करणारी नाही, तरी हे सांगते. नामस्मरणाचा शरीरावर होणारा परिणाम मोजलेला आहे. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या बर्नार्डी आणि मंडळींचा एक छोटा अभ्यास आला, २३ निरोगी माणसांवरचा, त्यांना लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावला, दोन्हीत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली आणि हृदयाच्या लयीवर चांगला परिणाम दिसला. आपली आजी माळ ओढता ओढता शांत का व्हायची ह्याचं थोडं उत्तर त्यात आहे. पण ती आजी मणी मोजायला बसली नव्हती, मध्येच 'दूध उतू जातंय बघ गं' म्हणायची आणि जिथे थांबली तिथून पुढे सुरू करायची!

केनेथ पार्गमेंट म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहे, त्याने आयुष्यभर धर्म आणि ताण हाच विषय लावून धरला. त्याचं म्हणणं मला पटतं आणि ओपीडीतही तसंच दिसतं: एखादा माणूस धार्मिक आहे का एवढ्यावरून काही कळत नाही, तो देवाशी कुठल्या नात्याने बोलतो त्यावरून कळतं. देव सोबत आहे, आपण आपलं करू, तो बघेल, असं धरून चालणारी माणसं ताणातून तुलनेने बरी निघतात. देव माझ्यावर चिडलाय, मला शिक्षा देतोय, मला टाकून दिलंय असं धरणाऱ्यांचा ताण वाढतो. तुझ्याकडे पहिलं होतं, आजाराने त्याचं दुसरं केलं.

स्वतःला तपासायचं असेल तर माळ संपल्यावर काय वाटतं ते बघ. मन भरल्यासारखं वाटतं की 'सुटलो एकदाचा' असं वाटतं? एखाद्या दिवशी प्रवासात राहिली तर चुटपुट लागते की हातपाय गार पडतात? आणि तुझ्याच घरातली, तुझ्याच पंथातली इतर मंडळी एवढं करतात का? हा शेवटचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. आपल्या पूजेत शेवटी क्षमाप्रार्थना असतेच, मंत्र चुकला असेल, विधी राहिला असेल, भक्ती कमी पडली असेल तर सांभाळून घे असं म्हणून पूजा संपवतात. परंपरेने माणूस चुकणार हे धरूनच सोय केलेली आहे. (आता ह्याचाही खेळ होऊ शकतो हं, क्षमाप्रार्थना अकरा वेळा म्हणणारे, त्यातला उच्चार चुकला म्हणून परत म्हणणारे मी बघितलेत, तेव्हा ही माहिती म्हणून घे, नवीन औषध म्हणून नको.)

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही समजू नकोस. वुजू म्हणजे नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं परत परत करणारे, नमाजात किती रकात, म्हणजे आवर्तनं, झाली ह्या शंकेने हैराण झालेले मुसलमान मुलगे येतात, त्यांच्याकडे ह्याला वसवसा म्हणतात आणि फिक्हमध्ये, म्हणजे त्यांच्या धर्मशास्त्रात, नियमच आहे की शंकेने खात्री मोडत नाही. वसई-बांद्र्याकडच्या कॅथलिक मुली येतात, चर्चमध्ये कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, करून बाहेर पडल्या की काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून परत आत. जेझुइट ह्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, ज्याच्या पहिल्या सोबत्यांपैकी फ्रान्सिस झेवियरचं शव जुन्या गोव्यात आहे, तो १५२२च्या सुमारास स्पेनमध्ये मानरेसा गावी ह्याच त्रासात होता. जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचा, जीव द्यावा असंही मनात आलं. त्याच्या धर्मगुरूने सांगितलं की फार स्पष्ट असेल तेवढंच कबूल कर, तर ह्याला सगळंच स्पष्ट वाटायला लागलं. पाचशे वर्षं झाली, आजाराची वकिली तीच आहे. आणि आपल्याकडे मुलींमध्ये दिसणारा प्रकार म्हणजे विटाळ. गौरी-गणपतीत आरतीला उभी राहिली की पाळी आली का म्हणून बाथरूममध्ये जाऊन बघायचं, पाच मिनिटांनी परत बघायचं, घरच्यांना वाटतं पोरीला लघवीचा त्रास आहे, सोनोग्राफी होते, आणि ती बिचारी खरं कारण सांगायला लाजते.

गाणगापूरचं म्हणशील तर दत्ताच्या दर्शनाला जायला माझी काहीच हरकत नाही, वडिलांच्या मनाला बरं वाटत असेल तर जरूर जा. पण तिथे आरतीच्या वेळी बाधा झाली म्हणून आणलेली माणसं ओरडत असतात, खांबांवर चढतात. ते बघून 'माझ्यातही असंच काही आहे' हा नवा किडा डोक्यात घेऊन येऊ नकोस. दर्शन घ्यायचं, परत यायचं, अपॉइंटमेंट चुकवायची नाही. कोणी देवऋषी म्हणाला डॉक्टरची गोळी बंद केल्याशिवाय गुण येणार नाही तर तिथून निघायचं. बाधा काढतो म्हणून मारहाण, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी हे महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळंच. देवस्थान आणि दवाखाना एकमेकांचे वैरी असलेच पाहिजेत असं काही नाही, गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दवा-दुआ नावाचा उपक्रम आहे, तिथले मुजावरच लोकांना सायकियाट्रिस्टकडे पाठवतात.

उपचारात काय करतात ते आता सविस्तर सांगते, कारण बहुतेक मुलं ह्याच भीतीने येत नाहीत की डॉक्टर देवाला शिव्या द्यायला लावतील. तसं काही नसतं. पद्धतीचं नाव ईआरपी, १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मायरने सुरुवात केली. भीतीच्या समोर जायचं आणि नेहमीचा तोडगा करायचा नाही, एवढंच त्याचं सार. तुझ्या बाबतीत एक कागद घेऊ, भीती वाटणाऱ्या गोष्टी लिहू, शून्य ते शंभर मार्क देऊ. समजा बसमध्ये बसून नाम घेणं ३०, आंघोळीआधी नाम घेणं ४५, विचार आल्यावर माळ न थांबवता पूर्ण करणं ७०, मुद्दाम दोन मणी सोडून माळ ठेवून देणं ९०. खालून सुरू करायचं. ७०ची पायरी आली की माळ हातात घेतलीस, तेविसाव्या मण्याला शिवी आली, तर तो मणी बाद नाही, चोविसावा मणी. विचाराशी भांडायचं नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही, हाकलायचंही नाही, असू दे तिथेच. माळ संपली की ठेवायची आणि उठायचं. त्यानंतरची वीस मिनिटं, कधी तास, फार वाईट जातात हे आधीच सांगते. घाम येतो, पोटात गोळा येतो, आईला फोन करावासा वाटतो. करायचा नाही. भीती चढते, थोडा वेळ टिकते आणि तू काहीही न करता हळूहळू उतरते. कधी त्या बैठकीत नीट उतरत नाही, तरी चालतं, कारण तोडगा न करताही तू तो वेळ काढलास हे मेंदू नोंदवतो. हे रोज करायचं असतं, आठवड्यातून एकदा डॉक्टरसमोर करून भागत नाही.

सगळ्यात चिवट असतात मनातल्या मनात केलेले तोडगे. माळ पुढे नेली पण आतून 'सॉरी देवा सॉरी देवा' चालूच, म्हणजे काहीच केलं नाही. तो सॉरी पकडायला शिकावं लागतं.

दुसरा छुपा तोडगा म्हणजे खात्री करून घेणं. आईला विचारणं 'काही होणार नाही ना गं', गुरुजींना विचारणं, यूट्यूबवर रात्री दोनला प्रवचनं शोधणं, चॅटबॉटला तोच प्रश्न शब्द बदलून विचारणं. एखाद्या समंजस गुरुजींना एकदा विचारायला हरकत नाही, बरेचदा ते आमच्यापेक्षा छान सांगतात. एकदाच पण. मी वर 'पापी नाहीस' लिहिलंय तेही एकदाच लिहिलंय, परत विचारलंस तर उत्तर देणार नाही, आणि हे उत्तर रोज रात्री उघडून वाचायला लागलास तर तेही बंद कर. आईला सांग की मी असं विचारलं तर 'डॉक्टरांनी सांगितलंय ह्यावर बोलायचं नाही, जेवलास का' एवढंच म्हण. आयांना हे फार जड जातं, त्यांना वाटतं आपण लेकराला तोडून बोलतोय.

तिसरा प्रश्न गोळ्यांचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना आजी देवाला नमस्कार करून टेबलवर झोपते, तिच्या श्रद्धेवर कोणी शंका घेत नाही, मग तुझ्यावर का घ्यायची? ओसीडीत एसएसआरआय गटातली औषधं देतात, फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन वगैरे. ह्यात डोस नैराश्याच्या मानाने बरेचदा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडणाऱ्यांची संख्या प्रचंड आहे. सुरुवातीला मळमळ, बेचैनी, झोपेत फरक, लैंगिक इच्छा कमी होणं असं होऊ शकतं, लाजू नको, डॉक्टरला सांग. पंचविशीच्या आतल्यांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढतायत का हे बघावं लागतं, म्हणून सुरुवातीला लवकर लवकर बोलावतात. ह्या गोळ्यांची दारू-सिगारेटसारखी चटक लागत नाही, पण मनाने एकदम बंदही करायच्या नाहीत. चटक लागू शकते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची, ज्या आपल्याकडे ओळखीच्या मेडिकलमधून मित्र आणून देतात, त्याच्या नादी लागू नकोस. त्रास सौम्य असेल तर नुसत्या ईआरपीनेही भागतं, पण तुझे दिवसाचे तास जातायत म्हणून मी दोन्हीचा विचार करेन.

काही गोष्टी मात्र वेगळ्या आणि त्यात थांबायचं नाही. आतून विचार येण्याऐवजी बाहेरून कोणीतरी आज्ञा देतंय असा आवाज ऐकू यायला लागला, झोपेची गरजच वाटेना आणि आपल्याला देवाने खास कामासाठी निवडलंय असं ठाम वाटायला लागलं, खाणंपिणं सुटलं, किंवा जीव द्यावासा वाटला, तर त्याच दिवशी दाखवायचं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुण्यात ससूनला मानसोपचार ओपीडी आहे, केसपेपरच्या पैशात काम होतं, गावाकडे जिल्हा रुग्णालयातही आता विभाग असतो. तू १८च्या वर आहेस, तुझी माहिती गुप्त ठेवणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने डॉक्टरवर बंधनकारक आहे, घरच्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. पहिल्या भेटीत ते विचार तोंडाने उच्चारणं अवघड जाईल, कोणालाच जमत नाही, चिठ्ठीवर लिहून दे, किंवा नुसतं 'देवाबद्दल नको ते येतं आणि मी परत परत करतो' एवढं म्हण, पुढचं आम्ही विचारतो. रोज किती वेळ जातो ते तासांत सांग. ईआरपी करता का किंवा करणारं कोणी माहितीत आहे का, हे स्पष्ट विचार. पाच मिनिटांत झोपेची गोळी देऊन बोळवण केली, किंवा देव नसतोच असं लेक्चर दिलं, किंवा उलट अजून दोन माळा वाढव म्हणाले, तर डॉक्टर बदल, उपचार सोडू नकोस.

आणि मेन्सचा फॉर्म भरलायस का? तारीख बघून घे, ह्या सगळ्यात ते राहतं.